कर्ती लेक : अभिनेत्री नंदा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजाबाई झाल्या, ताराराणी झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाईही झाल्या. यंदा मी एका सिनेनटीविषयी लिहिणार म्हटल्यावर एकदोघींनी नाके मुरडली. "सिनेमावालीचा कसला आलाय इतिहास?" असे त्यांचे म्हणणे पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे इतिहास कशाला म्हणावे हे मी कुणाला शिकवू शकणार नाही. पण बाप गेल्यावर ज्या पोरीने आठव्या वर्षी तोंडाला रंग लावून घराला हातभार लावला आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे आपले नाव राखले, तिची हकीकत बायकांच्या स्मरणिकेत नाही यायची तर कुठे यायची? आणि दुसरे असे, की ती आपल्या कोल्हापूरची. म्हणून ही हकीकत आपल्यापुढे ठेवते. गोड मानून घ्यावी.

नंदाचा जन्म ८ जानेवारी १९३९ चा, कोल्हापूरचा. वडील विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजे सगळ्यांचे मास्टर विनायक. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे चित्रपटांचे माहेरघर. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. प्रभात कंपनीही १९२९ साली इथेच निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या बोलपटात विनायकराव नारद झाले होते. पुढे १९३६ साली त्यांनी बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्याबरोबर हंस पिक्चर्स ही कंपनी काढली. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' हा या हंसचाच, आणि आचार्य अत्र्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी'ही हंसचाच. १९३८ च्या त्या 'ब्रह्मचारी'ने अवघ्या महाराष्ट्राला पोट धरून हसवले. घरात अशी कला आणि दारात माणसांचा राबता. अशा घरी नंदा जन्मली.

आता मध्येच मी दुसऱ्या एका मुलीची गोष्ट सांगते. ती विषय सोडून आहे असे कुणी समजू नये, तिचा धागा पुढे नंदाशी जुळायचा आहे. १९४२ च्या एप्रिल महिन्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. पाठीमागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता तेव्हा तेराव्या वर्षात होती. त्या पडत्या काळात मास्टर विनायक मंगेशकरांच्या मदतीला धावून आले. 'पहिली मंगळागौर' या बोलपटात लताला काम मिळाले आणि पुढे विनायकरावांच्याच प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ती पगारावर राहिली. कंपनी कोल्हापूरहून मुंबईला गेली, तशी १९४५ साली लताही मुंबईला गेली. लताबाईंना पडद्यावर काम करणे मनापासून आवडत नसे. पण आवडीनिवडी पाहायला सवड कुणाला होती? चुलीवर भांडे चढायला हवे होते.

विनायकरावांनी दुसऱ्याच्या पोरीला आधार दिला खरा, पण आपल्याच घरावर हीच पाळी येणार आहे हे त्यांना कसे कळावे? १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. गावोगावी गुढ्या-तोरणे लागली, पेढे वाटले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, विनायकराव गेले. वय अवघे एक्केचाळीस. कंपनीचा कारभार ज्या एका माणसाच्या जिवावर होता तोच गेल्यावर मागे काय राहणार? चित्रपटाचा धंदा असा, की आज पालखीत बसवतो आणि उद्या पायी चालवतो. भरल्या घराला ओहोटी लागली. नंदा तेव्हा आठ वर्षांची होती.

विनायकराव त्या वेळी 'मंदिर' नावाचा चित्रपट करीत होते. तो अर्धाच राहिला. मागाहून दिनकर पाटलांनी तो पुरा केला आणि १९४८ साली तो पडद्यावर आला. याच 'मंदिर'मध्ये नंदा पहिल्यांदा लोकांना दिसली. वडिलांचे शेवटचे काम आणि लेकीचे पहिले काम, दोन्ही एकाच चित्रपटात! तिथून तिचे नाव पडले 'बेबी नंदा'. पुढे 'जग्गू'सारख्या आणखी काही चित्रपटांतून तिने मुलांची कामे केली. ज्या वयात आपल्या मुली सागरगोटे खेळतात, भोंडल्याला कुणाच्या घरी काय खिरापत असेल याचा विचार करतात, त्या वयात ही पोर भगभगत्या दिव्यांपुढे उभी राहून सांगितल्यावर हसत होती आणि सांगितल्यावर रडत होती.

आपण अशा मुलीचे कौतुक करतो. "काय गुणाची पोर! घर सांभाळले हो तिने!" असे म्हणतो आणि डोळ्याला पदर लावतो. मला मात्र या कौतुकाची थोडी भीतीच वाटते. मी सातवीनंतर शाळा सोडली ती घरच्या गरजेपायी. पाठीवरची तीन भावंडे होती आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. मलाही सगळे गुणाची पोर म्हणत. त्याचे मला वाईट वाटत नाही, पण त्या शब्दावर माझी आठवी काही झाली नाही. घरावर वेळ आली की सगळ्यात आधी मुलीची पाटी-पुस्तके माळ्यावर जातात, हे आपण साऱ्याजणी जाणतो. नंदाचेही रीतसर शाळेत जाणे असे मागेच राहिले.

त्या दिवसांत पडद्यावर काम करणाऱ्या मुलांना कायद्याचा आधार असा नव्हता. मुलाने किती तास उभे राहावे आणि त्याच्या मिळकतीतले त्याच्या नावाने काय ठेवावे, हे सारे वडीलधाऱ्यांच्या आणि कंपनीवाल्यांच्या मर्जीवर असे. आता तसे नाही. बालकामगारांचा कायदा २०१६ साली सुधारला आणि २०१७ साली त्याचे नियम झाले. ते प्रत्येकीने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. मुलाला चित्रपटात किंवा मालिकेत काम द्यायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून जास्त नाही. शाळा बुडू देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा अधिक काम लावता येत नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, मुलाच्या मिळकतीतला निदान पाचवा हिस्सा बँकेत त्याच्याच नावाने मुदतीच्या ठेवीत ठेवावा लागतो. बेबी नंदाच्या वेळी हे नव्हते. कायदा यायला सत्तर वर्षे लागली.

असो. 'बेबी' म्हणून नाव मिळाले तरी पुढचा रस्ता सोपा नसतो. लोकांना दोन वेण्यांतली पोर आवडलेली असते, ती साडी नेसून समोर आली की ते म्हणतात, "अगबाई, ही मोठी झाली की!" आणि विसरून जातात. कितीतरी बेबी आणि कितीतरी मास्टर असे विस्मृतीत गेले. नंदा मात्र तरली. १९५५ साली 'कुलदैवत' आणि 'शेवग्याच्या शेंगा' हे तिचे मराठी चित्रपट आले. मग १९५६ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमलने 'तूफान और दिया' या हिंदी चित्रपटात तिला घेतले. शांतारामबापू नात्यातलेच. भावा-बहिणीच्या हालअपेष्टांची ती कथा होती. नंदा तेव्हा सतरा वर्षांची. चेहरा सालस, डोळे बोलके, आणि रडण्यात कुठे खोटेपणा नाही. लोकांनी तिला आपली म्हटले.

पण इथेच एक गंमत झाली. गंमत म्हणावी की दैवाचा खेळ म्हणावा, ते तुम्हीच ठरवा. जी मुलगी घरात भावंडांसाठी राबत होती तिला पडद्यावरही बहिणीचेच काम मिळू लागले. १९५७ च्या 'भाभी'मध्ये ती तरुणपणी विधवा झालेली मुलगी होती. १९५९ च्या 'छोटी बहन'मध्ये ती बलराज साहनींची आंधळी बहीण झाली, आणि त्या चित्रपटातले राखीचे गाणे आजही नारळी पौर्णिमेला रेडिओवर लागल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी 'धूल का फूल'मध्ये नायिका माला सिन्हा, आणि नंदा ही नायकाची लग्नाची सोशिक बायको. १९६० च्या 'काला बाजार'मध्ये देव आनंदची नायिका वहिदा रहमान आणि नंदा त्याची बहीण. वसंत जोगळेकरांच्या 'आंचल'साठी तिला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, तेही सहायक अभिनेत्रीचे. सुनेला एकदा चांगला स्वयंपाक येतो असे कळले की जन्मभर तिला चुलीपुढून उठू देत नाहीत, तशातली ही गत. पडद्यावर सोसणाऱ्या बाईचे काम हिने चांगले केले, म्हणून तेच काम पुन्हा पुन्हा हिच्या वाट्याला!

इथे मघाचा धागा जुळतो. 'छोटी बहन'मधले ते राखीचे गाणे कुणी गायिले? लता मंगेशकरांनी. १९६१ च्या 'हम दोनों'मध्ये मंदिरात बसून नंदा जे भजन म्हणते त्यालाही आवाज लताबाईंचाच. विनायकरावांनी ज्या मुलीला पडत्या काळी आधार दिला तिचाच गळा पुढे त्यांच्या मुलीच्या ओठांवर आला. दोघींचे वडील कलावंत, दोघींचे अकाली गेले, दोघींनी कोवळ्या वयात घराचा भार उचलला, आणि दोघीही अविवाहित राहिल्या. ती गाणी ऐकताना मला नेहमी वाटते, की त्यातले दुःख कुणी शिकवलेले नाही.

पण नंदाला नुसती सोशिक म्हणून हळहळणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. तिने आपली वाट आपल्या अकलेने काढली, आणि मला सांगायचे आहे ते हेच. 'हम दोनों'मध्ये ती देव आनंदच्या बरोबरीने उभी राहिली. बी. आर. चोप्रांच्या 'कानून'मध्ये (१९६०) ती होती. त्या चित्रपटात एकही गाणे नव्हते. हिंदी चित्रपटाला गाणे नाही म्हणजे सणाला पुरण नाही, तरी तो चालला. १९६३ साली जोगळेकरांचाच 'आज और कल' आला. हा आपल्या पु. ल. देशपांड्यांच्या 'सुंदर मी होणार' या नाटकावरून केलेला. बापाच्या धाकात खुर्चीला खिळलेली राजकन्या शेवटी आपल्या पायांवर उभी राहते, अशी ती कथा. राजकन्येचे काम नंदाचे. ती खुर्चीतून उठते तो प्रसंग पाहताना आमच्या सासूबाई टी. व्ही.पुढे हात जोडून बसत.

त्याच सुमारास शशी कपूर हा तरुण नट नायक म्हणून धडपडत होता. तोही लहानपणापासून पडद्यावर वावरलेला. 'आग' आणि 'आवारा'मध्ये त्याने लहान मुलाची कामे केली होती. नायक झाल्यावर मात्र त्याचे चित्रपट चालेनात. अशा नटाबरोबर नाव जोडायला नामवंत नायिका सहसा धजत नाहीत. नंदा तेव्हा नामवंत होती. तिने 'चार दीवारी' (१९६१) केला, 'मेहंदी लगी मेरे हाथ' (१९६२) केला. चित्रपट फारसे चालले नाहीत, तरी तिने हात काढून घेतला नाही. आणि १९६५ साली 'जब जब फूल खिले' आला. काश्मिरातला साधा नावाडी आणि बड्या घरची मुलगी यांची ती गोष्ट. नंदा त्यात कापलेल्या केसांची, परदेशी कपड्यांतली श्रीमंत मुलगी झाली. बहीण-वहिनीचा शिक्का त्या एका चित्रपटाने पुसून टाकला आणि शशी कपूरचे नशीबही उघडले. दोघांनी मिळून सात-आठ चित्रपट केले. आपली आवडती नायिका नंदा, असे शशी कपूर पुढे सांगत असे. ज्या घराला एके काळी दुसऱ्यांच्या आधाराची गरज पडली, त्या घरच्या मुलीने दुसऱ्याला उभे केले. विनायकरावांचेच रक्त ते!

त्याच वर्षी राजा नवाथे यांचा 'गुमनाम' आला, तो रहस्यपट. आणि १९६९ साली यश चोप्रांचा 'इत्तेफाक'. यातही गाणे नाही. एक घर, एक पावसाची रात्र, एक पळून आलेला संशयित आणि घरात एकटी बाई. राजेश खन्ना तेव्हा नुकता वर येत होता. 'आराधना'ही त्याच वर्षीचा. नंदा त्याच्यापेक्षा कितीतरी अनुभवी. वीस वर्षे लोकांनी तिला सोज्वळ म्हणून पाहिले होते. तोच सोज्वळ चेहरा घेऊन तिने या चित्रपटात अशी बाई रंगवली, की शेवट होईपर्यंत तिच्या मनात काय आहे याचा पत्ता लागत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही. मात्र इतके सांगते, की ज्यांना वाटत होते हिला नुसते रडता येते, त्यांची तोंडे बंद झाली. तिशीच्या उंबरठ्यावर, नायिकांचे दिवस सरू लागतात त्या वयात, तिने हे धाडस केले.

पुढे १९७२ च्या 'शोर'मध्ये तिने छोटेसे काम केले. मग हळूहळू ती बाजूला झाली. बऱ्याच वर्षांनी ती परत आली ती आईच्या कामात. 'आहिस्ता आहिस्ता' (१९८१), 'प्रेम रोग' (१९८२) आणि 'मजदूर' (१९८३). तिन्हीत तिची लेक झाली पद्मिनी कोल्हापुरे. पद्मिनीही लहानपणी पडद्यावर आलेली. एके काळची बेबी दुसऱ्या बेबीला पोटाशी धरते, हे पाहताना आईची माया नुसती अभिनयाची नसावी असे मला वाटते. एवढे करून नंदाने काम थांबवले. नाव असतानाच ती घरी गेली.

तिच्या संसाराचे म्हणाल तर तो झाला नाही. १९९२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दिग्दर्शक मनमोहन देसाई यांच्याशी तिचा साखरपुडा झाला. देसाई विधुर होते. पण १ मार्च १९९४ ला गच्चीवरून पडून त्यांचा अंत झाला आणि अक्षता पडायच्या राहूनच गेल्या. त्यानंतर ती फारशी कुठे दिसली नाही. 'काला बाजार'पासूनची मैत्रीण वहिदा रहमान हिची सोबत मात्र अखेरपर्यंत होती. बायकांची मैत्री टिकत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. २५ मार्च २०१४ ला मुंबईत राहत्या घरी नंदा गेली. वय पंचाहत्तर.

भगिनींनो, आजही आपल्या अवतीभवती बेबी नंदा आहेत. कुणी गाण्याच्या स्पर्धेत बक्षिसे आणते, कुणाच्या नाचाची चित्रे फोनवरून हजारो लोक पाहतात आणि घरात चार पैसे येतात. कुणी यातले काहीच करीत नाही. बाप गेला म्हणून ती दहावीतच दुकानात उभी राहते आणि धाकट्याची फी भरते. तिला कुणी पाहत नाही आणि तिचे नाव कुठे छापून येत नाही. नंदाने नाव काढले ते तिच्या गुणांनी आणि धीराने. पण एका नंदाच्या मागे किती पोरी पाटी-पुस्तके माळ्यावर ठेवून गप्प बसल्या असतील, याचा हिशेब कोण ठेवतो?

तो हिशेब आपण ठेवू शकतो. आपल्या वस्तीत यंदा दोन घरांचे कर्ते पुरुष गेले आणि दोन्ही घरी शिकत्या मुली आहेत. नावे लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. वर्धापनदिनाच्या मांडवाचा आणि हारतुऱ्यांचा खर्च थोडा आखडून या दोघींच्या शाळेच्या खर्चाला हातभार लावावा, असे मी येत्या सभेत मांडणार आहे. आणि जिच्या घरी लहान मुलगी बक्षीस किंवा बिदागी आणत असेल तिने ते पैसे घरखर्चात न मिसळता मुलीच्या नावाने ठेवावेत. दहा वर्षांखालच्या मुलीसाठी पोस्टात सुकन्या समृद्धीचे खाते निघते; मोठीसाठी साधे बचत खातेही चालेल. पासबुक कपाटात पडले की मुलीला नुसते "गुणाची पोर" म्हणून भागवावे लागत नाही. उद्या तिला शिकायचे असले, धंदा काढायचा असला, नाहीतर नुसते चार दिवस विसावायचे असले, तरी पैसा तिचा असेल आणि ठरवणारी तीच असेल.

— एक सभासद